स्वर्गाची कोरी पाने

मी एक जुनी दोनशे पानी वही आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका. माझ्या अंगाला सुकटीचा वास येतो, हे मलाही ठाऊक आहे. पण माझ्या पोटात एक अख्खा नरक आहे आणि अर्धा पर्वतही.

बोर्डीच्या पूर्वी नावाच्या मुलीने मला विकत आणले, तेव्हा ती डहाणूच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. अभ्यासाला सातशे वर्षांपूर्वीचे एक इटालियन महाकाव्य होते. त्यातला कवी आधी नरकात उतरतो, मग शुद्धीचा पर्वत चढतो आणि शेवटी स्वर्गात पोहोचतो. पूर्वीने माझेही तसेच तीन भाग पाडले आणि ती एकेक अवघड संज्ञा सोपी करून लिहू लागली. सर्ग, रूपककथा, यात्रिक. ‘त्रिपदी’पुढे तिने लिहिले, ‘तीन ओळींचे कडवे. मधल्या ओळीचे यमक पुढच्या कडव्यात जाते. आई जाळे विणते तसे, एका गाठीतून पुढची गाठ.’ मॅडमनी त्याखाली लाल शाईने ‘छान’ लिहिले. त्या दिवसापासून मी जरा शिष्टच झाले.

पर्वत अर्धा चढून झाला आणि पूर्वीची आई हंसाबाई बोंबील वाळत घालताना पडली. पाय मोडला. पूर्वी कॉलेज सोडून घोलवडला चिकू भरायच्या कामाला लागली. “पुढच्या जूनला पुन्हा नाव घालते,” मला फळीवर ठेवताना ती म्हणाली. जून आला नि गेला, असे तीनदा झाले. संध्याकाळी ती थकून यायची, चिकाने चिकट झालेले हात घासून धुवायची आणि माझ्याकडे न बघता जेवायला बसायची. मला तिच्या हाताची फार आठवण येई. उरलेला पर्वत आणि स्वर्ग, एवढेच मला हवे होते.

पाय बरा झाल्यावर हंसाबाई दारातच सुकी मासळी विकू लागली. पुड्या बांधायला कागद हवा म्हणून तिने मला खाली काढले. लिहिलेले पान दिसले की ती ते कपाळाला लावी आणि जपून उलटी. कोरे पान मात्र टर्रकन फाडी. मला ओरडता येत नव्हते. माझ्या स्वर्गात जवळा बांधून गिऱ्हाइके आपापल्या घरी गेली.

यंदाच्या जूनमध्ये पूर्वी प्रवेशाची पावती घेऊन धावतच घरात शिरली. तिने मला उघडले, तर अर्ध्या पर्वतानंतर थेट पुठ्ठा!

“आई, माझी पानं कुठंयत?”

“कोरीच होती ती. लिवलेलं एकबी नाय फाडलं,” हंसाबाई म्हणाली. मग मुलीचा चेहरा पाहून तिचा आवाज खाली आला. “काय लिवायचं राहिलं होतं गं?”

“स्वर्ग.”

हंसाबाई उठली. तिने जुनी कॅलेंडरे काढली, कोऱ्या बाजू जुळवून माझ्या मापाची पाने कापली आणि जाळ्याची सुई घेऊन ती मला शिवायला उंबऱ्यात बसली.

मित्रांनो, घरात कुणाची अर्धी राहिलेली वही असेल, तर कोरे पान फाडण्याआधी ज्याची वही त्याला एकदा विचारा. त्या पानापर्यंत कुणाला तरी अजून पोहोचायचे असते.

“आई, एवढा जाड दोरा कशाला?” पूर्वीने विचारले.

“मधेच सुटलं होतं ना एकदा,” हंसाबाई म्हणाली आणि तिने गाठ दातांनी ओढून घट्ट केली.