सावरीची म्हातारी

चैत्र सरत आला होता. नीरेच्या काठी, गडाच्या निळ्या सावलीत, सावरीचे झाड आपली बोंडे उकलत होते. रक्तवर्णी फुलांची मिरवणूक केव्हाच निघून गेली होती. आता उरला होता कापूस. रेशीमशुभ्र, श्वासाहून हलका, वाऱ्याच्या एकेका उसाशाबरोबर फांदीवरून सुटणारा.

सुटत होता, तरंगत होता, उतरत होता. घाई नव्हती, भीती नव्हती. पडणे नव्हतेच, नुसते उतरणे होते.

झाडाशेजारी लोखंडी कमान होती आणि कमानीतून एक सुती दोर लोंबत होता. वर्षानुवर्षांच्या घामाने पिवळा झालेला, शेकडो तळहातांनी गुळगुळीत केलेला. त्याच्याखाली काथ्याची जाड गादी. गावातली दोरीच्या मल्लखांबाची शाळा ती एवढीच. ना भिंत, ना छप्पर. वर आभाळ, खाली गादी, मध्ये दोर.

दोराखाली कुमुदबाई उभ्या होत्या. अडुसष्ट वर्षांच्या, पांढऱ्या केसांच्या, अजून पाठीने ताठ. उजवा हात त्यांनी डाव्या हाताने धरून ठेवला होता, एखादे भ्यालेले पाखरू मुठीत धरावे तसा.

तरी तो थरथरत होताच.

आधी बशीत कप वाजू लागला होता. मग कुंकू कपाळ सोडून भुवईवर उतरले. मग अक्षरे ओळ सोडून पळू लागली. डॉक्टर भला माणूस होता, नजर चुकवून बोलला. म्हणाला, औषधाने रोगाची चाल मंद होईल, पण हात परत यायचा नाही.

ज्या हाताने चाळीस वर्षे पोरींना दोर धरायला शिकवले, त्या हाताला आता स्वतःचीच बोटे धरवत नव्हती.

शिकवणे मात्र सुटले नव्हते. दर संध्याकाळी परकर खोचलेल्या, गुडघे फुटलेल्या, तेल चोपडलेल्या वेण्यांच्या पोरी जमत आणि कुमुदबाई त्यांना गोल बसवत.

"अंग आंधळं नसतं, पोरींनो. डोळे मिटले तरी आपला हात कुठे आहे ते कळतं ना? कोण सांगतं? हातच सांगतो. पण तो फार हळू बोलतो. आपण गप्प बसलो तरच ऐकू येतं."

मग खेळ. डोळे मिटायचे आणि बोट नाकाच्या शेंड्याला लावायचे. कुणाचे बोट गालावर जाई, कुणाचे डोळ्यात. खिदळण्याचा एक थवा उडे.

"मनवा, ते नाक नाही गं! शेजारणीचा कान आहे तो!"

मग एका पायावर उभे राहणे. मग डोक्यावर पाण्याचा तांब्या घेऊन गादीच्या कडेने चालणे. तोल कसा धरायचा ते त्या कधी सांगत नसत. तोल धरायचा नसतो, तो सुटत असतो आणि अंग त्याला क्षणोक्षणी परत बोलावत असते. जो निश्चल दिसतो तो आतून शंभर वेळा हलत असतो. हे सारे त्यांना ठाऊक होते, पण पोरींसाठी त्यांच्यापाशी एकच शब्द होता.

"सावर!"

एवढेच. दोरावर पोरीचा तोल गेला की खालून हाक जाई आणि हाक पुरी होण्याआधीच अंग सावरलेले असे. तो शब्द कानासाठी नव्हता, मनासाठी तर नव्हताच. तो शब्द पोटऱ्यांसाठी होता, पाठीच्या कण्यासाठी होता.

त्या साऱ्या पोरींत एक जाई होती.

जाई मळेकर. चौदा वर्षांची, सावळी, वेताच्या छडीसारखी लवचीक. ती दोरावर चढे तेव्हा चढल्यासारखे वाटतच नसे, जणू दोरच तिला वर बोलावून घेई. कमानीपाशी पोचली की दोराचे वेढे कमरेभोवती, मांडीभोवती. मग मस्तक खाली, पाय आभाळाकडे, आणि दोन्ही हात मोकळे. एक निमिष सारे थांबे. पाखरे, वारा, नीरेचे पाणी. आणि मग ती सुटे. गिरकीमागून गिरकी, वेढ्यामागून वेढा, पसरलेल्या हातांनी, मिटल्या डोळ्यांनी. गादी वीतभर उरली असताना पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट दोराला चिमटीत धरी, आणि ती तिथेच थांबे, अधांतरी, हसरी.

ही उडी तिला कुणी शिकवली नव्हती. तिच्या अंगाने ती एके दिवशी आपली आपणच शोधली होती.

पहिल्यांदा ते पाहून मनवा किंचाळली होती, "बाई, म्हातारी आली!"

"म्हातारी कुणाला म्हणतेस गं? मला?"

"तुम्हाला नाही, बाई! जाईताईला! ती बघा ना, सावरीची म्हातारी!"

सावरीच्या उडत्या कापसाला पोरी म्हातारी म्हणत. तेच नाव उडीला पडले. पांढरे, हलके, हसरे नाव.

मग आला यंदाचा माघ. आणि माघातली ती दुपार.

कुमुदबाईंनी एक वही केली होती. हात पुरता जाण्याआधी सारे लिहून ठेवावे, म्हणून. प्रत्येक पकड, पायांची प्रत्येक अढी, प्रत्येक वळसा. अक्षरे मुंग्यांसारखी इकडेतिकडे धावत होती, पण पाने भरत होती. शेवटी एका कोऱ्या पानावर त्यांनी मथळा लिहिला, 'म्हातारी', आणि जाईला हाक मारली.

"काय गं, म्हातारीत तू आधी काय सोडतेस? हात की मांडी? आणि अंगठ्याने दोर केव्हा धरतेस?"

जाई हसली. मग हसता हसता थांबली. कपाळावर एक बारीक आठी आली, तिथे आजवर कधी नव्हती ती.

"थांबा हं, बाई. बघून सांगते."

बघून सांगते. बिचारी पोर! बाईंच्या वहीसाठी ती स्वतःलाच बघायला वर चढली. वेढे घेतले, हात सोडले, गिरकी घेतली, आणि अर्ध्या गिरकीत तिने पाहिले. हाताने मांडीला विचारले, तुझी वेळ की माझी? मांडीने अंगठ्याला विचारले. अंगठा हुकुमाची वाट पाहत राहिला.

"सावर!" बाई ओरडल्या.

जाई गादीवर आदळली. हाड मोडले नाही, रक्त आले नाही. मोडले ते डोळ्यांना न दिसणारे.

त्या दिवसापासून 'सावर' हा शब्द तिच्या कानाशी येऊन प्रश्न होऊ लागला. सावर म्हणजे काय करू? आधी डावे की उजवे? आधी मान की कंबर? दोरावर ती मध्येच थिजून राही, पानावर अडकलेल्या कापसासारखी. आणि ती कीड दोरावरच थांबली नाही. जिना उतरताना कोणते पाऊल आधी टाकायचे, या विचारात ती पायरीवर उभी राहू लागली. रांगोळीची रेघ तिच्या बोटांत तुटू लागली. घास तोंडाशी नेताना हात क्षणभर थबकू लागला.

कुमुदबाईंनी समजावले. पुन्हा समजावले. मायेने, धीराने, नाना परींनी. आणि प्रत्येक समजावणे निवळशंख पाण्यात पडलेल्या खड्यासारखे तिला अधिकच गढूळ करीत गेले. पूर्वी असे झाले असते तर त्या स्वतः दोरावर चढल्या असत्या, हाताने हाताला दाखवले असते. आता हात कुठे होता? शब्द तेवढे उरले होते त्यांच्यापाशी, आणि शब्दानेच तर घात केला होता.

एक प्रश्न. एका वहीसाठी. रात्ररात्र त्यांच्या उशाशी तो प्रश्न बसून राही.

आणि आज ही चैत्राची संध्याकाळ. उद्या पहाटे पुण्याला जीप जायची होती. राज्याच्या संघाची निवड होती. सकाळपासून जाई चढत होती आणि पडत होती, चढत होती आणि थिजत होती. आता ती सावरीच्या बुंध्याला टेकून बसली होती, सोललेले तळवे मांडीत उपडे ठेवून.

"बाई, उद्या मी येत नाही."

"अगं, उद्याचं उद्या बघू."

"उद्याचं नाही, कायमचंच. दोराला परत हात लावणार नाही मी." मग फार हळू म्हणाली, "माझं अंग माझं राहिलं नाही, बाई. परक्याच्या घरात राहतेय असं वाटतं. अंधारात. दार कुठे, दिवा कुठे, काही सापडत नाही."

कुमुदबाईंनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिले. ते परके घर त्यांना ठाऊक होते. त्यातली खोली न् खोली ठाऊक होती. पण आपल्याला त्यातून परत यायचे नाही आणि या पोरीला यायचे आहे, एवढाच फरक होता. त्या फरकासाठी त्या काहीही द्यायला तयार होत्या. द्यायला काही उरले नव्हते.

"एकदा चढ," त्या म्हणाल्या. आवाजात आज्ञा नव्हती, याचना होती. "म्हातारी नको करूस. नुसती वर जा, बस, आणि सरळ उतरून ये. मी खालून दोर धरते."

"तुम्ही?" जाईची नजर त्या हातावर गेली आणि लगेच वळली.

नवख्या पोरी पहिल्यांदा चढतात तेव्हा खाली दोराचे शेपूट कुणीतरी धरून ठेवते, दोर हलू नये म्हणून. मनवाला राहवले नाही.

"बाई, जाईताई काय बिगरीतली आहे का, शेपूट धरायला?"

"गप गं. आज मीच बिगरीत आहे."

कुमुदबाई गादीच्या कडेला गुडघ्यांवर बसल्या. दोराचे टोक त्यांनी मनगटाभोवती गुंडाळले आणि दोन्ही हातांनी घट्ट धरले. जाई चढली. हळू, मोजून, एक हात, एक पाय, एक हात, एक पाय. त्या चढण्यात संगीत नव्हते, नुसते हिशेब होते.

आणि बाईंची थरथर दोरात शिरली. मनगटातून सुतात, सुतातून पिळात, पिळापिळातून वर वर चढत गेली, जशी मुळातली तहान पानापर्यंत जाते. दोर थांबवायला बसलेली बाई दोराला कापवत होती. कमानीपाशी वेढा घेऊन बसलेल्या जाईच्या मांडीला, पोटाला, तळव्याला ते कापणे लागले. जणू दोरालाच नाडी होती. आणि तिने खाली पाहिले. कित्येक दिवसांनी तिने स्वतःकडे पाहायचे सोडून दुसऱ्या कुणाकडे पाहिले.

खाली पांढऱ्या केसांचा एक भांग होता. तो कलत होता.

कुमुदबाईंना एवढेच कळले की गुडघे आता आपले नाहीत. थरथर खांद्यात आली, मानेत आली, मनगटावरचा दोर सुटला, पश्चिमेचे केशरी आभाळ एका अंगाला झुकले. जवळच कमानीचा लोखंडी पाया होता, आणि तो जवळ येत होता. वरून एक हाक आली.

"बाई, सावरा!"

चाळीस वर्षे तो शब्द त्यांनी वर पाठवला होता. आज तो पहिल्यांदा खाली आला. त्यांनी अंगाला सांगून पाहिले. अंगाने ऐकले नाही.

डोळे मिटले. वाऱ्याचा एक सपकारा आला. आणि लोखंड आणि कपाळ यांच्या मध्ये एक तळहात आला. सोललेला, ऊन, दोराच्या वासाचा.

मग मनवाची किंकाळी फुटली, "म्हातारी आली! म्हातारी आली!"

कुमुदबाईंनी जाईच्या मांडीवरून डोके उचलले. डोळे पाण्याने भरले होते.

"पडलेल्या म्हातारीला हसता होय गं?"

"तुम्हाला नाही, बाई! जाईताईला!"

त्यांना समजेना. त्यांनी वर पाहिले. मोकळा दोर अजून गरगरत होता. एकेक वेढा सोडवीत, स्वतःभोवतीच फिरत, एखाद्या गोष्टीची आठवण पुसट होत जावी तसा मंदावत होता. सरळ उतरलेल्या दोराला कधी अशी गिरकी नसते.

ज्यासाठी त्यांनी महिनोन्महिने पदर पसरला होता, ते त्यांच्या डोक्यावरून, मिटल्या डोळ्यांवरून उतरून गेले होते. त्यांना ते दिसले नव्हते.

"बाई," जाईला धाप लागली होती. ती हसत होती की रडत होती, ते तिलाही सांगता आले नसते. "बाई, मी आत्ता आधी..."

थरथरता हात वर आला. वाटेत दोनदा भरकटला, आणि शेवटी तिच्या ओठांवर जाऊन टेकला.

"सांगू नकोस."

ऊन गडावर चढून गेले. वहीतले ते पान कोरेच राहणार होते.

"उद्या येईल का हो परत?" जाईने विचारले.

खोटे बोलणे कुमुदबाईंना चाळीस वर्षांत जमले नव्हते. "ठाऊक नाही," त्या म्हणाल्या. "मला नाही ठाऊक, पोरी."

पण जाई उठली नाही. जीपला येत नाही, असेही पुन्हा म्हणाली नाही.

सावरीचे एक बोंड उकलले. एक म्हातारी सुटली, तरंगली, उतरली, आणि बाईंच्या उघड्या तळव्यावर येऊन बसली. तळवा थरथरला. म्हातारी उडाली, पुन्हा बसली, पुन्हा उडाली. मग जाईने आपला हात अलगद बाईंच्या हाताखाली घेतला. धरला नाही, आवळला नाही, नुसता खाली ठेवला. एक थरथर दोन हातांत वाटली गेली.

आणि त्या दोन हातांवर, मावळत्या चैत्रात, ती इवली पांढरी म्हातारी बसून राहिली. थरथरत होती, पण पडत नव्हती.