विहिरीच्या दगडावरची तारीख

"चोवीस जूनचा पाच जुलै तुम्ही केलात, आणि खोटारडे आम्ही?"

द्वारकाने नोटीस भूसंपादन ऑफिसातल्या साहेबांच्या टेबलावर आपटली. शेजारच्या मार्थाची एलिसा कॉलेजात इतिहास शिकवायची, म्हणून तिला सोबत आणलं होतं. तिने द्वारकाचा दंड धरला.

"मावशी, सावकाश."

"त्यांच्या जेसीबीला सांग सावकाश."

पापडी गावात द्वारकाची केळीची वाडी ज्या विहिरीवर जगत होती, ती रस्त्यासाठी बुजणार होती. जुन्या विहिरींना हात लावायचा नाही, असा यांचाच नियम. विहिरीवर दगड होता: सेंट जॉनच्या सणाला, चोवीस जून १७३१ रोजी, पाद्रीने ही विहीर गावाला दिली. ऑफिसातल्या शहाण्यांनी ती तारीख 'नव्या कॅलेंडरात' आणली. झाला पाच जुलै. मग म्हणाले, सण आणि तारीख जुळत नाहीत, दगड बनावट, विहीर जुनी नाहीच.

साहेबांनी चष्मा पुसला. "बाई, तेव्हाच्या तारखेत अकरा दिवस मिळवावेच लागतात."

"ते इंग्रजांच्या कागदांना, सर. जुनं कॅलेंडर तेव्हा त्यांचं होतं," एलिसा म्हणाली. "इथे तेव्हा पोर्तुगीजांचं राज्य, आणि ते या दगडाच्या दीडशे वर्षं आधीच नव्या कॅलेंडरवर आले होते. दगडावरची तारीख आहे तशीच बरोबर आहे."

"सेंट जॉनचा सण कधी, ते पापडीतलं शेंबडं पोर सांगेल," द्वारका म्हणाली. "नाताळ कधी हो तुमच्यात? पाच जानेवारीला?"

कोपऱ्यातला कारकून खोकल्याच्या आडून हसला. साहेबांनी फाइलमधला दगडाचा फोटो जवळ ओढून पाहिला. मग पेन उचलून त्यांनी पाच जुलैवर काट मारली.

"दगड खरा धरतो."

द्वारकाने पदराने मान पुसली. एलिसा उठायला लागली.

"पण उपयोग नाही," साहेब फाइल मिटत म्हणाले. "हरकत घ्यायची मुदत गेल्या आठवड्यात संपली. हुकूम निघालाय. सोमवारी विहीर बुजणार."

"नोटीस मला काल मिळाली."

"तारीख उलटली, बाई. तारखेपुढे माझं काय चालणार?"

द्वारका उभीच होती. तिने खुर्ची पुढे ओढली, नीट बसली आणि मिटलेली फाइल पुन्हा उघडून त्यांच्यासमोर सरकवली.

"दगडाने मागितले नव्हते, तरी त्याला अकरा दिवस दिलेत. आता परत घेतलेत ना? ते आम्हाला द्या. मुदत आठवड्यानेच हुकलीय. देताय की नाही, तेवढं सांगा."