म्हातारीला उठवू नये

रंगाच्या त्या कारखान्यात जिन्याखाली एक खोली होती आणि तिथे बारा महिने थंडी असे. बाहेर माणसं घामाघूम होऊन डबे उचलत, आत नऊ सर्व्हर गार वाऱ्यात आरामात बसलेले. ते सांभाळणाऱ्या बाईंना लोक तोंडावर मॅडम म्हणत आणि पाठीमागे सर्व्हरबाई. बाईंना दोन्ही ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर दुसरंच जास्त आवडत असे.

नऊपैकी आठ सर्व्हर साधे. बंद करा, चालू करा, कुरकुर नाही. नववी म्हातारी. कुठल्या छटेत कुठला रंग किती घालायचा, हे सगळं तिच्या पोटात. रंग मिसळणारी यंत्रं तिला विचारल्याशिवाय थेंब पाडत नसत. ती गप्प झाली की यंत्रंही गप्प, आणि टाकीत अर्धवट झालेलं जे काही असेल ते करडा म्हणून खपवावं लागे. फार पूर्वी एकदा वीज गेली, तेव्हा म्हातारीने पुन्हा उठायला चाळीस मिनिटं घेतली होती. तेवढ्या अवधीत तेव्हाच्या मॅनेजरने मनातल्या मनात राजीनामा लिहून, खोडून, पुन्हा लिहिला. त्या दिवसापासून म्हातारीला रीस्टार्ट करायचं नाही असा दंडक पडला. तो लेखी कुठेच नव्हता, म्हणूनच सगळे पाळत. झाडणारा माणूससुद्धा तिच्यापाशी आला की झाडू हळू चालवी.

या दंडकाचा भार सर्व्हरबाईंच्या डोक्यावर होता. म्हातारीला काही झालं तर लगेच पोचता यायला हवं, म्हणून त्या कधी कुठे मुक्कामाला जात नसत. त्यांच्या ताईने टेकडीवर घर बांधलं होतं, बसने तीन तासांवर. बाई एकदा सकाळी गेल्या, घर बघितलं, जेवल्या आणि हात वाळायच्या आत परतीच्या बसला लागल्या.

"तू राहायला येतेस की मीटर बघायला?" ताईने विचारलं होतं.

"म्हातारी आहे गं कामावर."

"माझी सासू होती तेव्हा मीसुद्धा माहेरी राहत होते चार दिवस. आणि ती खरी होती."

ताईला सर्व्हर समजावून सांगण्यापेक्षा बस पकडणं सोपं होतं.

अशात साहेब एका सेमिनारला गेले. सेमिनारहून साहेब आले की कारखान्यात लोक आठवडाभर जपून असत. या वेळी त्यांनी आणला क्लाउड.

"आपले सगळे सर्व्हर क्लाउडला जोडायचे. सगळं एका स्क्रीनवर!" साहेब म्हणाले.

"म्हणजे म्हातारी उचलून नेणार?" रंगखात्याच्या प्रमुखांचा चेहराच करडा झाला.

"कुठे नेत नाही हो," सर्व्हरबाई म्हणाल्या. "आहे तिथेच राहणार. प्रत्येक सर्व्हरवर एक छोटा प्रोग्राम बसवायचा, त्याला एजंट म्हणतात. तो वर खुशाली कळवत राहतो. मुलगी घरातच राहते, फक्त दर मिनिटाला मावशीला फोन करते."

"दर मिनिटाला? मग काम कधी करते?"

हा प्रश्न साहेबांनाही पडला असावा, कारण त्यांनी विषय चहावर आणला.

बाईंनी मात्र ते काम मनावर घेतलं. त्याचं कारण त्यांनी साहेबांना सांगितलं नाही. तो स्क्रीन फोनवरही दिसणार होता. म्हातारी खिशात मावणार असेल तर बाई ताईकडे रात्रभर राहू शकणार होत्या. कारखान्याची प्रगती व्हायची तर तीही झालीच असती.

क्लाउडवाल्या कंपनीकडून मदतीला फोनवर एक बाई होती. तिचा आवाज इतका शांत, की आग लागली असं तिने सांगितलं असतं तरी ऐकणाऱ्याने आधी पाणी प्यायलं असतं. तिने सांगितलं तसं सर्व्हरबाईंनी फायरवॉलमध्ये बाहेर जाण्यापुरती वाट उघडली, आत येणारी बंदच ठेवली. एकेका सर्व्हरवर एजंट चढला आणि स्क्रीनवर एकेक हिरवा ठिपका उगवला. म्हातारीची पाळी शेवटी. बाईंनी बटण दाबलं. तिचा ठिपका बाकी सगळ्यांपेक्षा लवकर उगवला. रीस्टार्टसुद्धा मागितला नाही तिने.

शुक्रवारी शांत आवाज म्हणाला, "आता अपडेटची वेळ ठरवून टाका. त्यानंतर मशीन आपोआप रीस्टार्ट होतात, म्हणून कारखाना बंद असतो ती वेळ बरी."

"रविवारची दुपार," बाई म्हणाल्या. उद्याच्या बसचं तिकीट पर्समध्ये होतं. त्यांनी यादी उघडली, 'सगळे निवडा' दाबलं आणि जतन केलं. सगळे म्हणजे आठ, हे त्यांच्या मनात इतकी वर्षं इतकं घट्ट बसलं होतं, की संगणक नऊ मोजेल हे त्यांच्या गावीही नव्हतं. बॅकअप पूर्ण झाल्याची खात्री केली, खोलीला कुलूप लावलं आणि त्या चक्क शीळ घालत जिना चढल्या.

शनिवारी रात्री बाई ताईकडे राहिल्या. पण ते राहणं म्हणजे फोन उशाशी आणि एक डोळा उघडा. ताईच्या मते त्याला राहणं म्हणत नाहीत, पाळत म्हणतात. सोमवारपर्यंत थांब, असं ती रविवारी जेवताना दहाव्यांदा म्हणत होती, तेवढ्यात फोन थरथरला.

बाईंनी वाचलं. आठ मशीन अपडेट होऊन रीस्टार्ट झाल्या होत्या. नववी अपडेट झाली होती आणि पंधरा मिनिटांत रीस्टार्ट होणार होती. खाली दोन बटणं होती, 'आत्ता करा' आणि 'पुढे ढकला'.

बाई उष्ट्या हाताने गच्चीवर धावल्या, कारण फोनला रेंज तिथेच नीट येई. मागून ताई, ताईच्या मागून भावजी, भावजींच्या हातात बाईंचं ताट.

"काय झालं? कुणी गेलं का?" भावजींनी विचारलं.

"जाईल बहुतेक."

त्यांनी शांत आवाजाला फोन लावला. सुट्टीच्या दिवशीही तो तितकाच शांत होता.

"ढकला की पुढे," आवाज म्हणाला. "पण मॅडम, कधीपर्यंत?"

"तिला उठायला चाळीस मिनिटं लागतात हो! उठली नाही तर उद्या सकाळी रंग बंद."

"एकदाच लागली होती ना? जुनी नोंद दिसतेय मला इथे. अचानक वीज गेल्यामुळे तेव्हा ती डिस्क तपासत बसली होती. नंतर कुणी बघितलंच नाही वाटतं."

कुणी म्हणजे बाईच.

"बॅकअप आहे?"

"परवाचा आहे. तपासलेला."

"मग आज नाही उठली तर उद्या सकाळपर्यंत आपल्याकडे वेळ आहे. आठवड्यात मधेच कधी स्वतःहून बंद पडली, तर एवढा वेळ नसेल."

बाईंचा अंगठा 'पुढे ढकला'च्या वर थांबला. दाबला असता तर सगळं पूर्ववत. त्या संध्याकाळच्या बसने परत, म्हातारी जागच्या जागी, आणि ताई पुढच्या वेळी मीटरचं बिलही मागणार.

"अगं, ठरव काय ते," ताई म्हणाली. "ताट निवतंय."

बाईंनी फोन कठड्यावर ठेवला आणि हात पाठीमागे बांधले. भावजींनी ताट पुढे केलं, त्यांना ते दिसलं नाही. वेळ भरली. हिरवा ठिपका करडा झाला.

भावजींना काय चाललंय ते कळलं नव्हतं, पण प्रसंग गंभीर आहे हे ओळखून त्यांनी चष्मा काढला. ताईने दोरीवरचा टॉवेल घडी केला, उलगडला, पुन्हा घडी केला.

टॉवेलची तिसरी घडी व्हायच्या आत ठिपका हिरवा झाला.

बाईंचा विश्वास बसेना. त्यांनी फोनवर एजंटमार्फत फिकट निळ्याचं माप मागितलं. आलं. मग यादीच्या कोपऱ्यातल्या, कधीच कुणी न मागितलेल्या गंजरंगाचं मागितलं. तेही आलं, नेहमीपेक्षा जरा लवकरच.

"झालं?" ताईने विचारलं.

"झालं." बाई खाली बसल्या. आनंद झालाच होता, पण आत कुठेतरी अपमानही वाटत होता. इतकी वर्षं ज्या आजारणीसाठी घर सोडलं नाही, ती टुणकन उडी मारून उठली होती.

त्यांनी साहेबांना फोन करून जसं घडलं तसं सांगितलं. "सर, माझ्या चुकीने सगळे निवडले गेले. म्हातारी रीस्टार्ट झाली. ठीक आहे."

साहेब म्हणाले, "चूक? सेमिनारमध्ये याला धाडस म्हणतात, मॅडम. पुढच्या महिन्यात तुम्हीच बोला तिथे."

"बोलेन. उद्या मात्र रजा हवी."

"म्हणजे? म्हातारी?"

"ती आहे ना कामावर."

संध्याकाळी शेवटची बस खालच्या वळणावर हॉर्न देऊन निघून गेली. सर्व्हरबाई तेव्हा ताईशी उशीवरून भांडत होत्या. कापसाची उशी ताईला हवी होती आणि पाहुणी म्हणून बाईंनाही. शेवटी भावजींची उशी काढून घेण्यावर दोघींचं एकमत झालं.