पुसून आणलेली यंत्रं

जमिनीच्या पोटातली बारीकशी हालचालही टिपणारी यंत्रं साऱ्या देशाला मिळून एकाच भांडारात होती. संशोधक ती मागून नेत आणि चिखलाने माखलेली परत आणत. भांडाराच्या तपासनिसांना ते पसंत होतं. चिखल म्हणजे प्रामाणिकपणा. त्यामुळे कॉलेजच्या बाईंनी नेलेली सातही यंत्रं लख्ख पुसून आणली, तेव्हा तपासनिसांच्या कपाळाला आठी पडली.

"बाई, एवढी स्वच्छ?"

"दुसऱ्याची वस्तू पुसून परत करावी, असं आईने शिकवलंय."

"आईने आणखी काय काय शिकवलंय?"

बाई हसल्या नाहीत. हीच यंत्रं घेऊन त्यांना संध्याकाळी पुन्हा डोंगराकडे निघायचं होतं. बर्फ पडलं की रस्ता बंद, आणि मागे रांगेत दुसरे टपलेलेच. एक जरी यंत्र नापास झालं, तरी त्यांचा नंबर गेला.

तपासणीची रीत साधी होती. आवारातल्या खड्ड्यात सगळी यंत्रं खेटून पुरायची आणि दिवसभर तिकडे कुणी फिरकायचं नाही. सगळ्यांनी एकच टिपलं तर पास. एखादं वेगळं बरळलं तर नापास. बाईंनी एक चांगलं यंत्र दाबून कॉलेजातलं मोडकं आत सरकवलंय, असा तपासनिसांना दाट संशय होता.

बाई समोरच्या बाकावर बसल्या. तपासनीस खिडकीत बसले. बाई बाकावरून दिसेनाशा झाल्या की हे तडक खड्ड्याशी. बाई नळावर असत, नाहीतर फोनवर. डबा खातानाही ते तोंडातल्या घासासकट जाऊन आले. 'कुणी फिरकायचं नाही' यातला 'कुणी' म्हणजे आपण नव्हे, याबद्दल त्यांची खात्री होती.

दुपार कलल्यावर यंत्रं उकरून संगणकाला जोडली, आणि पडद्यावर सात रेघा उमटल्या. सातही सारख्या, आणि सगळ्यांत तेच झटके.

"सापडलं!" तपासनीस ओरडले. "कुणीतरी खड्ड्याशी घुटमळलंय. एकदा नाही, सारखं. बोला आता!"

बाईंनी चष्मा वर सरकवून रेघेवर बोट फिरवलं. "आला. थांबला. वाकला असावा, इथे हात टेकलाय. परत गेला. उजवं पाऊल जड, डावं हलकं."

"चोरच तो!"

"डावा गुडघा दुखतो का हो तुमचा?"

टेबलाखाली गुडघा चोळणारा तपासनिसांचा हात जागच्या जागी थांबला. "गुडघ्याचा इथे काय संबंध?"

"सातही यंत्रांनी एकच गुडघा टिपलाय. अजून काय तपासायचंय?"

तपासणी पुन्हा घ्यायची तर वर कारण कळवावं लागणार, आणि कारण तपासनिसांच्याच खुर्चीत बसलं होतं.

"पास," ते म्हणाले. "घेऊन जा."

बाई दारात थबकल्या. "नुसतं पास? काही हरकत वगैरे नाही?"

"अजिबात नाही."

गाडीत पेट्या चढल्या, चालकाने इंजिन सुरू केलं, आणि बाईंनी ते बंद करायला लावलं. इतक्या सुखासुखी सोडलं म्हणजे या माणसाने नक्कीच आत काहीतरी बदललंय. त्यांनी पहिल्या पेटीचं झाकण उघडलं, यंत्र उलटंपालटं करून पाहिलं, मग दुसरी पेटी उघडली.

खिडकीतून तपासनीस ते टक लावून बघत होते. ही बाई एवढं काय लपवतेय?