दुखलं तर डावा हात

हात तिचे सोन्याचे होते, तोंडाचा तेवढा आनंद. दंतवैद्यकाच्या शेवटच्या परीक्षेत ती एकदा नापास झाली, ती काही दातांपायी नाही. "पेशंटशी माणसासारखं बोलत नाही," असा सरांनी शेरा मारला होता. तेव्हापासून बाबांनी तिच्याशी बोलणंच टाकलं होतं. या खेपेलाही नापास झाली तर शिक्षण बंद, एवढंच काय ते आईकरवी कळवलं. मग आपुलकीचे गुण मिळवायला बाईसाहेब आरशासमोर वाक्यं घोकायला बसल्या. घोकून आपुलकी येत असती तर आणखी काय हवं होतं!

परीक्षेला तिच्या खुर्चीत एक मावशी आल्या. खालची दाढ काढायची होती. तिने हसून शुगर विचारली, बीपी विचारलं, भुलीचं इंजेक्शन दिलं. मग सरांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "मावशी, घाबरू नका. दुखलं तर डावा हात वर करा, मी लगेच थांबेन. उजवा मात्र हलवू नका हं, इकडे माझी हत्यारं असतात."

मावशी काहीतरी सांगणार होत्या, पण तोवर हिचा आरसा त्यांच्या तोंडात गेला होता.

दाढ हट्टी निघाली. तिने मधूनमधून डाव्या हाताकडे पाहिलं. तो मांडीवर स्वस्थ पडला होता. दाढ अखंड बाहेर आली.

"शाब्बास," सर म्हणाले. "आपुलकीचे पैकीच्या पैकी."

मावशींची लेक न्यायला आली. तिने आईचा डावा हात दोन्ही हातांनी उचलला आणि स्वेटरच्या बाहीत घातला. "आई लहानपणी पडली होती," लेक म्हणाली. "तेव्हापासून हा हात हलत नाही."

बाईसाहेबांनी हातातली पक्कड खाली ठेवली. "मावशी, दुखलं का हो?"

"फार गं," मावशी कापसाआडून म्हणाल्या.

"मग उजवा तरी..."

"तूच नको म्हणालीस ना."

ती तशीच सरांकडे गेली आणि सगळं सांगितलं. सरांनी मान वर न करता विचारलं, "त्यांची तक्रार आहे का?"

"नाही."

"मग झालं तर."

घरी फोन लावला तर बाबांनीच उचलला. पास झाल्याचं ऐकून ते कितीतरी वेळ भरभरून बोलत राहिले. तिला ते ऐकवत नव्हतं, पण त्यांना थांबा म्हणायला तिची जीभ रेटेना.