पोटातली परकी पानं

मी एक प्रत बोलतेय. पुस्तक नव्हे, प्रत. पुस्तक लेखिकेच्या डोक्यात असतं आणि ते एकच असतं. प्रती ढिगानं असतात. कुणी आमच्यावर कप ठेवतं, कुणी आम्हाला लग्नात भेट देतं. मला त्याचं काही वाटत नाही. कागदाला तसंही फारसं काही वाटत नसतं, आणि जिच्या पिशवीतून मी हिंडले तिला माझ्याहूनही कमी वाटत होतं.

माझा जन्म बाइंडरच्या टेबलावर झाला. मोठा कागद छापून येतो, त्याच्या घड्या घातल्या की सोळा पानांची एक जुडी होते. तिला फॉर्मा म्हणतात. असे फॉर्मे ओळीनं मांडून ठेवायचे, एकेक उचलत टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचं, मग शिलाई, सरस, पुठ्ठा आणि कटिंग. झाली प्रत.

त्या दिवशी टेबलावर दोन पुस्तकं शेजारी शेजारी होती. एक आम्ही, कादंबरी. दुसरं घरगुती पाणीपंपाची देखभाल. प्रकाशक एकच, आकार एकच, कागदसुद्धा एकच, कारण स्वस्तात पडतो म्हणून त्यानं दोन्हींसाठी एकदमच घेतला होता. जेवणाची सुट्टी झाली, माणसं हात धुऊन परत आली, आणि कुणीतरी दोन थप्प्या उलटसुलट ठेवल्या. आमच्या शेवटून दुसऱ्या फॉर्म्याच्या जागी पंपाचा फॉर्मा येऊन बसला. शेवटचा फॉर्मा मात्र जागेवर होता. त्यामुळे वरून पाहणाऱ्याला कसलाच संशय येणार नव्हता. पहिल्या खेपेतल्या आम्ही सगळ्याजणी अशाच जन्मलो, पोटात परकी पानं घेऊन.

कादंबरी अद्भुत होती. एका राणीनं आपल्या देशातल्या सगळ्या नद्या गोठवून ठेवल्या आहेत, आणि एक वाटाडी मुलगी त्यातली एक नदी सोडवायला निघते, कारण तिचा भाऊ त्या बर्फाखाली अडकला आहे. शेवटून दुसऱ्या फॉर्म्यात ती त्याच्यापर्यंत पोचते. तो काही परत येणार नाही. दोघांचं बोलणं होतं आणि मग, पुस्तकाच्या शेवटच्या पानावर, नदी सुटते. बाकीची सगळी पानं लेखिकेनं त्या सोळा पानांसाठी लिहिली होती, आणि तीच माझ्यात नव्हती. माझ्यात मुलगी बर्फावर हात ठेवते आणि पान उलटलं की लिहिलेलं असतं, 'पंप सुरू करण्यापूर्वी त्यात पाणी भरून आतली हवा काढून टाकावी.'

लेखिका दाताच्या प्रयोगशाळेत काम करायची. डॉक्टरांकडून ठसे यायचे आणि ही त्यावरून कवळ्या बनवायची. नजर बारीक, हात स्थिर. दोन वर्षांपूर्वी तिचा मोठा भाऊ आजारानं गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशीही तिनं कुणाच्या तरी खालच्या जबड्याचे दात बसवले आणि ते नीट बसले. ती रडली नाही. लोक म्हणाले, खंबीर आहे. खंबीर कसली, तिला काही जाणवतच नव्हतं. दात काढताना सुई टोचल्यावर गाल बधिर होतो ना, तसं तिचं सगळंच झालं होतं. मग तिनं लिहायला घेतलं. भावाशी जे बोलायचं राहिलं ते त्या सोळा पानांत लिहिलं, आणि ठरवलं की हे एका माणसानं तरी वाचायला हवं. ते माणूस म्हणजे वहिनी, दादाची बायको.

दादा पंप दुरुस्त करायचा. त्याच्या दुकानाच्या फळीवर या प्रकाशकाची पुस्तकं असायची, पंप, फ्रिज, वायरिंग. लेखिकेला दुसरा प्रकाशक ठाऊकच नव्हता, म्हणून ती कादंबरी घेऊन त्याच्याकडेच गेली. त्यानं आयुष्यात कादंबरी छापली नव्हती. पण माणूस भला होता आणि भल्या माणसांना नाही म्हणता येत नाही.

"मॅडम, मागच्या पानावर पुस्तकाचा उपयोग लिहावा लागतो," तो म्हणाला. "याचा उपयोग काय लिहू?"

लेखिकेनं विचार केला. "काही सुचत नाही हो."

"मग नेहमीचं टाकतो."

म्हणून माझ्या पाठीवर छापलं आहे, 'नवशिक्यांनाही सहज समजेल अशी सोपी भाषा.'

पहिली प्रत तिनं वहिनीला नेऊन दिली. दुसरी मी. मला तिनं पिशवीत टाकलं, कार्यक्रमात वाचायला म्हणून. तुम्ही म्हणाल, हिनं स्वतः कसं पाहिलं नाही? मुद्रितं चार वेळा तपासलेल्या माणसाला विचारा. तिनं माझा वास घेतला, 'दादाला' एवढंच लिहिलेलं अर्पणाचं पान पाहिलं, पहिलं प्रकरण चाळलं. त्या सोळा पानांपाशी जायची तिची छातीच होत नव्हती.

आता पुस्तक खपवायचं म्हणजे हिंडणं आलं. प्रकाशकाचा दरवर्षी अवजारांच्या प्रदर्शनात गाळा असायचा. पाना, ड्रिल आणि वेल्डिंगच्या ठिणग्यांच्या शेजारी आम्हाला मांडलं गेलं. एका गृहस्थानं मला उचललं, मुखपृष्ठावरची गोठलेली नदी न्याहाळली आणि विचारलं, "कोल्ड स्टोरेजचं आहे का?"

"नाही, गोष्ट आहे," लेखिका म्हणाली.

"अच्छा, अच्छा," म्हणत त्यांनी मला अलगद खाली ठेवलं, झोपलेलं मूल ठेवावं तसं.

मग वाचनालयात कार्यक्रम झाला. खुर्च्या भरपूर होत्या. लेखिकेनं माझं पहिलं प्रकरण वाचलं. नंतरही ती जिथे जाईल तिथे पहिलंच प्रकरण वाचायची, त्यामुळे माझी पहिली पानं मऊ पडली आणि शेवटची तशीच कोरी करकरीत राहिली. श्रोत्यांपैकी एक काका उठून म्हणाले की त्यांचाही एक कथासंग्रह आहे, आणि तो त्यांनी तिला विकला.

घरी नवऱ्यानं फोनवर चित्रफिती काढायला घेतल्या. मला खिडकीत ठेवायचा, शेजारी कॉफीचा मग, मागे झाड. "हसून सांग ना जरा," तो म्हणायचा. ती हसायची. दातांचं काम करणाऱ्या बाईला हसू कसं दिसायला हवं ते नेमकं ठाऊक असतं.

कौतुक झालं, नाही असं नाही. प्रयोगशाळेतल्या सगळ्यांनी एकेक प्रत घेतली. "एका बैठकीत संपवलं," एकजण म्हणाली. "शेवट तर काय अप्रतिम! नदी वाहायला लागते तिथे काटाच आला अंगावर." नदी वाहते ती अगदी शेवटच्या पानावर. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच. एका परीक्षकानं छापून आणलं की अखेरच्या प्रकरणांत लेखिकेची पकड जराही ढिली होत नाही. मी ते कात्रण पोटात घेऊन हिंडत होते, ते नेमकं पंपाच्या पानांमध्ये, कारण तिनं मला न बघताच उघडून ते आत सरकवलं होतं. मला तोंड असतं तर मी सांगितलं असतं. नव्हतं, म्हणून नाही सांगितलं.

तिला या कौतुकाचं काही वाटायचं नाही. ती "थँक्यू हं" म्हणायची आणि सही करायची. रात्री नवरा विचारायचा, खूश आहेस ना? ती म्हणायची, हो. खरं तर ती वहिनीची वाट बघत होती. वहिनीचा फोन आला की ती इकडचंतिकडचं ऐकायची, आणि वहिनी शेवटी म्हणायची, "वाचतेय गं, सावकाश." बस. तिला वाटू लागलं, वहिनीला राग आला. घरातलं दुःख चव्हाट्यावर मांडलं म्हणून बोलत नाही.

एका दुपारी ती न राहवून वहिनीकडे गेली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर वहिनीची प्रत होती. माझी सख्खी बहीण, पण तिची शेवटची पानं माझ्यासारखी नव्हती. कोपरे दुमडलेले, कागद हाताळून मऊ झालेला.

वहिनीनं चहा समोर ठेवला. "बोलले नाही म्हणून रागावू नकोस," ती म्हणाली. "ती पंपाची पानं मी कितीदा वाचली असतील. प्रत्येक वेळी फोन करायला घ्यायचे आणि बोलायला व्हायचं नाही."

"कुठली पानं, वहिनी?"

"अगं, पंपाची. गोष्ट एकदम थांबते आणि दादाचं काम सुरू होतं. कोरडा पंप कधीही चालवू नये. त्याच्याच तोंडचं वाक्य ना ते? गिऱ्हाइकांना रोज सांगायचा. मला वाटलं, बाकी सगळं जगासाठी लिहिलंस आणि एवढं माझ्यासाठी."

लेखिकेनं मला पिशवीतून काढलं. पहिल्यांदाच मला शेवटाकडून उघडलं. कात्रण खाली पडलं. तिनं वाचलं, एक पान, दुसरं पान, आकृती क्रमांक तीन. तिचा चेहरा काही बदलला नाही.

मी पाहत होते. गप्प बसली असती तर खपून गेलं असतं. इतक्या दिवसांत मिळालेली ही एकच खरी दाद होती, आणि ती परक्या पानांना मिळाली होती. झाकली मूठ सव्वा लाखाची. वहिनी समाधानात राहिली असती, आणि हिनं दादाला जे लिहिलं ते कुणीच वाचलं नसतं.

"वहिनी, हे मी नाही लिहिलं," ती म्हणाली. "बाइंडिंगमध्ये चूक झालीय."

 वहिनीनं आपली प्रत मिटली आणि त्यावर हात ठेवला.

लेखिकेनं तिथूनच प्रकाशकाला फोन लावला. तो बिचारा हादरलाच. "तरीच मॅडम! पंपाच्या पुस्तकाच्या तक्रारींनी जीव नकोसा केलाय. मधेच कुठली नदी आली म्हणून लोक शिव्या घालतायत. मला वाटलं, त्याच पुस्तकात गडबड झाली असेल. तुमच्या पुस्तकाची एकही तक्रार नाही हो. एकही नाही."

"एकही नाही," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

चहावर साय धरली होती. वहिनीनं तो तसाच बाजूला सारला. "मग तू काय लिहिलं होतंस?"

"आहे फोनमध्ये."

"वाच."

"तुम्हीच वाचा ना नंतर."

"चष्मा नाही माझ्याजवळ. तू वाच."

चष्मा तिच्या गळ्यात दोरीला लटकत होता. दोघींनाही तो दिसत होता.

लेखिकेनं वाचायला सुरुवात केली. चित्रफितीत वाचायची त्याच आवाजात, स्पष्ट आणि सपाट. मुलगी बर्फावर हात ठेवते. बर्फ पातळ होतो. खालून भाऊ वर पाहतो आणि बोलू लागतो. फार सुंदर बोलतो तो. आठवणींबद्दल, वाहण्याबद्दल, मी नसलो तरी प्रत्येक थेंबात असेन याबद्दल. मी पहिल्यांदाच ऐकत होते, आणि मला ते छान वाटलं. पण मी प्रत आहे, माझं मत कोण विचारतो?

वाचून झालं. तिनं फोन पालथा ठेवला आणि वहिनीकडे न बघता थांबली.

"चांगलं आहे," वहिनी म्हणाली. मग मान हलवली. "नाही. ते भावाचं बोलणं बरोबर नाही."

"म्हणजे?"

"तुझा दादा एवढं बोलायचा का कधी? मला मागणी घालायची होती तेव्हासुद्धा चार वर्षं पाण्याच्या दाबाबद्दल बोलत बसला होता. तू इतकं बर्फ तुडवून आलीस, तर तो भाषण देईल? तो म्हणेल, 'आलीस? धर हे जरा.' झालं."

लेखिका तिच्याकडे बघत राहिली. "टॉर्च," ती म्हणाली.

"काय?"

"टॉर्च धरायला लावायचा. मी हलवला की ओरडायचा." तिनं टॉर्च धरल्यासारखी मूठ पुढे केली. "मी दुसरीकडे बघत बसायचे, वहिनी. तो म्हणायचा, माझ्या हाताकडे बघ."

  वहिनी उठून तिच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली.  मी टेबलावर उघडी पडले होते आणि माझी दोन पानं ओली झाली. ती अजून फुगलेली आहेत.

मग तिनं नाक पुसलं आणि वहिनीकडे पेन मागितलं.

इतक्या लोकांनी तिला छान म्हटलं होतं. चूक काढणारं पहिलं माणूस हे, आणि ती घरी जाताना जिन्यात स्वतःशी चक्क हसली. दात न दाखवता.

आता मी पुन्हा बाइंडरच्या टेबलावर आहे. दुकानांतून आम्हाला परत बोलावलं गेलं. वहिनीनं तिची प्रत दिली नाही, "बदलून नको मला," म्हणाली. बाकीच्यांची शिवण उसवायचं काम सुरू आहे. माझ्याआधी थोड्याच उरल्यात. पुठ्ठा निघेल, सरस खरवडला जाईल, पंपाची पानं जाणार. त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांनी आपलं काम चोख केलं.

नवा फॉर्मा शेजारी येऊन पडला आहे, अजून त्याला शाईचा वास आहे. उशीर झाला, कारण लेखिकेनं छपाई थांबवून एक पान बदललं. बर्फाखालचा भाऊ आता भाषण देत नाही. तो म्हणतो, "आलीस? धर हे जरा."

शिवून झाले की मी कुणाच्या तरी हाती जाईन, कदाचित तुमच्या. तेव्हा एक मागणं आहे. शेवटचं पान आधी उघडू नका. मधली पानं वाचा, कंटाळा आला तर ठेवून द्या, पुन्हा घ्या. आणि पटलं नाही तर तिला तसं सांगा. तिला दुखेल. आता तिला दुखतं.