वाकडी प्रार्थना

ताटं मांडता मांडता तिने स्वतःचा चष्मा मुद्दाम वाकडा केला. डावी काडी कानाच्या वर, उजवी खाली, आणि चेहरा असा भोळा की विचारू नका.

नवरा चष्मेवाला. कोपऱ्यावर छोटंसं दुकान. कोणाच्या नाकावर वाकडा चष्मा दिसला की याच्या बोटांना खाज सुटायचीच. एकदा चर्चमध्ये पाळकसाहेब उपदेशाला उभे राहिले, तर हा गडी पहिल्या बाकावरून उठला, त्यांचा चष्मा सरळ केला आणि "हं, आता बोला" म्हणून परत येऊन बसला. अख्खी मंडळी गीतांच्या पुस्तकामागे तोंड लपवून हसत होती.

आत्ताही त्याने हात लांबवला, तिची काडी कानामागे नीट बसवली आणि खुर्ची ओढली. तोंडातून चकार शब्द नाही.

"गेलं वाया," ती पुटपुटली.

"काय गेलं?" धाकटीने विचारलं.

"माझं तारुण्य. पाणी आण."

या घरात जेवणाआधीची प्रार्थना नवराच करायचा. घरातल्या एकेकाला देवापुढे उभं करायचा, तेही ठरलेल्या क्रमाने. आधी आबा, म्हणजे त्याचे वडील. मग थोरला, मग धाकटी, मग नणंद, मग दुकान आणि शेवटी शेजारच्या आजारी आजी. तोवर ताटातल्या वाफा निघून जायच्या. ती चिडवायची, "अहो, देवाला आपली माणसं एव्हाना पाठ झाली असतील."

"देवाला पाठच आहेत," तो म्हणायचा. "आपण विसरू नये म्हणून म्हणायचं."

मग थोरल्याचं आणि त्याचं वाजलं. थोरल्याला दुकानात बसायचं नव्हतं. एवढंच होतं, पण शब्दाला शब्द लागत गेला आणि शेवटी पोरगा दारात उभा राहून बोलला, "तुमचा देव आणि तुमचं दुकान, दोन्ही तुम्हालाच लखलाभ!" बॅग उचलली आणि खटाखट जिना उतरून गेला. आता धाकटीला कधीमधी मेसेज येतो. 'ठीक आहे.' बस्स. कुठे राहतो, काय खातो, काही नाही.

तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नवऱ्याने हात जोडले. "हे स्वर्गीय पित्या, आबांना सांभाळ..." आणि गाडी तिथेच थांबली. आबांच्या पुढचं नाव काही येईना. जोडलेले हात त्याने सोडवले आणि तिला म्हणाला, "तू कर."

तेव्हापासून तीच करत होती. सुरुवातीला चांगली शहाण्यासारखी केली. नवरा मान खाली घालून ऐकायचा, जेवायचा, उठायचा. चर्चला यायचा, पण गीताला ओठसुद्धा हलवायचा नाही. तिच्या लक्षात आलं, सरळ प्रार्थनेने हा माणूस हलायचा नाही. वाकडं दिसलं की याचा हात पुढे येतो ना? मग वाकडं ऐकलं की तोंडही उघडेल!

झालं. बाईंनी कंबर कसली.

"हे प्रभू, वरच्या मजल्यावरचे भाऊ गाणं शिकतायत. त्यांना सूर दे. ते जमत नसेल तर आम्हाला बहिरं कर."

"आमेन!" आबा गरजले. त्यांना ऐकायला कमी यायचं, त्यामुळे जिथे ती श्वास घ्यायला थांबेल तिथे ते आमेन ठोकून द्यायचे.

"थांबा आबा, अजून आहे. प्रभू, समोर नवीन चष्म्याचं दुकान निघालंय, त्यांच्याकडे गिऱ्हाइकांची रांग लाव."

तेव्हा मात्र नवऱ्याची पापणी हलली. तिने बोटांच्या फटीतून नीट पाहिलं. पण हललं ते तेवढंच.

"आई, देव काय म्हणेल?" धाकटी नंतर कुजबुजली.

"देवाला हसू येत नाही असं कोणी सांगितलं तुला?"

खरी प्रार्थना ती भांडी घासताना करायची, नळ मोठा सोडून, म्हणजे कोणाला ऐकू जाऊ नये. तिथे थट्टा नसायची. पोराला घरी आण, एवढं मागायचाही तिला धीर व्हायचा नाही. 'याच्या तोंडून पोराचं नाव निघू दे. तेवढं कर, पुढचं मी बघते.' आणि जिन्यात पावलं वाजली की साबणाचा हात तसाच थांबायचा. पावलं वरच्या मजल्यावर जायची. हात पुन्हा चालू व्हायचा.

तर त्या वाकड्या चष्म्याच्या संध्याकाळी तिने नवा डाव काढला. चष्म्याने काही झालं नाही, पण खरी गंमत पुढे होती. त्याचा तो लाडका क्रमच उलटा करायचा. शेपटाकडून डोक्याकडे.

"हे स्वर्गीय पित्या, शेजारच्या आजींना आराम दे. दुकानाला बरकत दे. नणंदबाईंना सांभाळ, त्यांच्या जिभेलाही सांभाळ. धाकटीला अक्कल दे. आबांना सांभाळ. हे अन्न आशीर्वादित कर, येशूच्या नावाने मागते, आमेन."

"आमेन!" या वेळी आबांचं आमेन बरोबर जागी पडलं.

स्वतःवरच खूश होऊन तिने आमटीचा डाव उचलला. नवऱ्याने ताट पुढे केलं नाही.

"राहिला," तो म्हणाला.

"काय राहिलं? मीठ?"

"थोरला. थोरला राहिला."

डाव हवेतच थांबला. तिने मनातल्या मनात पुन्हा मोजलं. आजी, दुकान, नणंद, धाकटी, आबा. क्रम उलटा करायच्या नादात पोरगा हातातून निसटला होता. बाकी सगळ्यांची थट्टा तिने केली असेल, पण त्याचं नाव रोज सरळच घेतलं होतं, थट्टेत कधी ओढलं नव्हतं.

"अहो, हे मुद्दाम नाही," ती म्हणाली. आवाज भलताच बारीक निघाला. "देवाशपथ, मी खरंच विसरले. मी. माझ्या पोराला."

"काय झालं?" आबा म्हणाले. "आमेन म्हटलं की मी!"

नवरा उठला. तिच्या नाकावरचा चष्मा त्याने अलगद काढला. काचा ओल्या झाल्या होत्या. खिशातल्या दुकानाच्या फडक्याने त्या पुसल्या, चष्मा परत चढवला, दोन्ही काड्या सारख्या केल्या. मग जागेवर बसून हात जोडले.

"हे स्वर्गीय पित्या, आबांना सांभाळ."

तिने डोळे मिटून घेतले.

"थोरल्याला सांभाळ." आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा निघाला. "जेवला नसेल तर त्याला जेवू घाल. आणि त्याला म्हणावं..." तो अडकला. "म्हणावं, दुकानात नाही बसला तरी चालेल. घरी ये."

तिने एक डोळा किलकिला केला. धाकटी टेबलाखाली फोनवर भराभर टाइप करत होती. जेवताना फोनला या घरात सक्त मनाई, आणि तो कायदा तिनेच केलेला. तिने डोळा पुन्हा मिटला. घट्ट.

"धाकटीला सांभाळ," नवरा सावकाश पुढे निघाला. आबा आमेनसाठी श्वास घेतच होते, तेवढ्यात तिने टेबलाखालून त्यांचा पाय दाबला. अजून नणंद होती, दुकान होतं, आजी होत्या. गार होऊ दे सगळं.

जिन्यात पावलं वाजली. दारापाशी आली आणि वरच्या मजल्यावर निघून गेली. नवरा मधेच थांबला होता. ती पावलं तोही ऐकत होता, हे तिला आज पहिल्यांदा कळलं.

"नणंदेला सांभाळ," तिने हळूच आठवण करून दिली.

"माझी ती बहीण आहे," तो म्हणाला. "मला माहितीये."